श्रियाच्या डोक्यावर हात

(वेलिंग्टनमधलं हॉस्पिटल. ऑपरेशनची तयारी चालू आहे. श्रिया खाटेवर; शेजारी तिची आई अनुराधा आणि मावशी शकु.)

शकु: मग लाव की ते तेल! पर्समध्येच आहे ना?

अनुराधा: मला नाही चालत, ताई. आमच्या मॉर्मन चर्चात तेल लावून, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद पुरुषांनीच द्यायचा. तो अधिकार बायकांना नसतो.

शकु: आणि तुझा तो अधिकारी नवरा कुठंय?

अनुराधा: प्रसाद ऑकलंडला अडकलाय. वाऱ्यानं सगळ्या फ्लाइट्स कॅन्सल. इथून जवळच्या पोरिरुआहून चर्चातले दोघं पुरुष निघालेत, तर मोटरवेवर हीऽऽ ट्रॅफिक.

शकु: इथं पोरीचं अपेंडिक्स फुटलंय! डॉक्टर काय त्यांची वाट बघत बसणारेत?

अनुराधा: ओरडू नकोस गं. माझा जीव थाऱ्यावर नाहीये.

शकु: नुसती प्रार्थना कर मग.

अनुराधा: ती चालूच आहे. पण श्रिया सकाळपासून ब्लेसिंग मागतेय. तिच्या प्रत्येक आजारपणात प्रसादनं दिलंय. चर्चातल्या बायकांची मी प्रमुख ना? कुणी आजारी पडलं की पुरुष जातात आशीर्वाद द्यायला आणि मी जाते त्यांच्या घरी जेवायला कॅसरोल शिजवून घेऊन. आज माझी पोर आत चाललीय, ताई, आणि मला नुसता कॅसरोल येतो!

शकु: बाबांना अग्नी द्यायला पुढं झालीस, तर काकांनी दंडाला धरून मागं ओढलं तुला. तेव्हा म्हणालीस, हा धर्मच नको. मग तिकडं जाऊन काय वेगळं मिळालं?

अनुराधा: देव मिळाला. खरंच मिळाला गं. म्हणून तर भीती वाटते. माझ्या हातून काही चुकलं आणि हिला भोगावं लागलं तर?

शकु: आईच्या हातून?

श्रिया: मम, दे आर टेकिंग मी नाऊ. व्हेअर्स डॅड?

अनुराधा: निघतोय तो, राजा.

श्रिया: देन यू डू इट. प्लीज, मम.

अनुराधा: ताई, पर्स दे. ती छोटी बाटली... झाकणच निघत नाहीये.

शकु: आण इकडं. हं, घे.

अनुराधा: श्रिया... मी तुझी आई. डॅड म्हणतो ते अधिकाराचे शब्द मला म्हणता येत नाहीत, बाळा. देवा, हिला मी जन्म दिलाय, तुला ठाऊक आहे. हिला बरी कर. मला शिक्षा करायची तर नंतर कर. येशूच्या नावानं, आमेन.

श्रिया: आमेन. डझ इट काउंट, मम?

अनुराधा: माहीत नाही गं. हात काढू का?

श्रिया: नको.