अडकणारा प्रोग्राम

दातांच्या दवाखान्यात मी काउंटरला लागून बसलो होतो. पलीकडे रिसेप्शनिस्ट आणि तिची कॉलेजात शिकणारी भाची कुजबुजत होत्या.

"मावशी, नंबर लावायचा माझा जुना प्रोग्राम पार सुधारलाय. आता अडकतच नाही. तसं लिहून सही दे, नाहीतर सर मार्क देणार नाहीत."

"जुनाच बरा होता गं."

"तो तर सारखा बंद पडायचा!"

"तेव्हा डॉक्टरांचे पाहुणे मधेच आत सोडले, तरी लोक कॉम्प्युटरला शिव्या घालायचे. आता मला घालतात."

"मग काय करू?"

"पाहुणे आले की अडकू दे."

"मुद्दाम बिघडवू?"

"सुधारणा म्हण की! सही लगेच देते."

बराच वेळ कीबोर्ड खडखडला.

"हे बटण दाब."

"मंडळी, जरा थांबा हं, कॉम्प्युटर अडकलाय! या वहिनी, तुम्ही आत जा. हं, सही कुठे करू गं?"