मामीचा अंगठा

बेंबळीच्या सेवा केंद्रात अतिवृष्टीच्या अनुदानासाठी अंगठे घेत होते. रांगेत माझ्यापुढं एक म्हातारं जोडपं.

"या गवळणमामी. मागल्या बारीला मशीननं तुमचा अंगठा घेतला न्हवता."

"रेघा झिजल्यात म्हणालास न्हवं, अक्रम? म्हणून आठ दिवस कशालाच हात लावला न्हाय."

"मग घरचं काम?"

"ह्यांनी केलं. राखेनं भांडी घासली, शेण काढलं, धुणं आपटलं."

"अगं, हळू बोल. लोक ऐकतेत."

"ऐकू द्या. लाव रे मशीन."

"दाबा, मामी. घेतला की!"

"घेतला? बघा ओ, घेतला! दोनदा माघारी गेले मी, पर आज घेतला!"

"बरं, सरक आता. माझ्या नावच्या रानाचं बी करून घेतो."

"दाबा, बब्रुवानमामा. परत दाबा. पुसून दाबा. न्हाय घेत."

"आरं, गेल्या महिन्यात रेशनला पहिल्या झटक्यात घेतला की माझा!"

"आता रेघाच दिसंनात, मामा."

"आठ दिवसांत गेल्या?"

"आठ दिवसांत? माझ्या तर चाळीस वर्सं टिकल्या की ओ!"