सहा ते आठ

संधिवाताच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर चार महिन्यांची मुलगी, दुसरीच्या हातात नुसती फाइल.

“तुमचा संधिवात किती वर्षांचा?”

“नऊ. नवऱ्यापेक्षा जुना आहे.”

“आणि तरी बाळ...”

“ही पोटात होती तेव्हा दुखणं निम्म्यावर आलं. मी बरी झाले म्हणून जावेपुढे फुशारकीही मारली. बाळंत झाले आणि महिन्याभरात दुखणं दुपटीनं हजर!”

“मग हिचं कसं करता?”

“मी शिवणकाम करते. अख्ख्या गल्लीच्या कपड्यांना काजं केली, आणि लेकीच्या झबल्याचं एक बटण लागेना. शेवटी नाड्या लावल्या. त्याही सासूबाई बांधतात. मी शेजारी उभी राहून चुका काढते.”

“हसू नका हो. मला मूल हवं असेल तर डॉक्टर गोळ्या बदलणार आहेत. आई म्हणते, आधी स्वतःला सांभाळ. तुम्हाला पश्चात्ताप होतो?”

“होतो ना. रोज सकाळी सहा ते आठ.”

“म्हणजे?”

“तोवर बोटं उघडत नाहीत. ती रडते, मी बघत बसते. नको नको ते मनात येतं. आठला मूठ सुटली की तिला घेते.”

“आणि मग?”

“मग खाली ठेववत नाही. अगंबाई, माझा नंबर! हिला धरता का जरा?”

“अहो, माझ्या मनगटात जोर नाही.”

“मनगट कशाला? कोपर दुमडा. हं, डोकं इथे टेकवा.”

“रडली तर?”

“रडू दे. माझ्याकडेही रडतेच.”