सायकेडेलिक गाऱ्हाणं

तुम्ही हसाल, पण आमच्या रॉक गाण्याला देवळात अशी दाद मिळाली, की गिटार बाजूला ठेवावी. कणकवलीत आमचा चौघांचा बँड. वैराग्यावर मी संस्कृतात एक सायकेडेलिक गाणं लिहिलं होतं. नऊ मिनिटांचं, नुसते घुमणारे आवाज. मसुऱ्याकडे आमच्या गावच्या जत्रेत दशावताराआधी अर्धा तास मिळाला. मोबाइल लाइव्हवर लावला.

डोळे मिटून म्हटलं, "न मे ग्रामः." म्हणजे गाव माझं नाही. आवाज घुमावा म्हणून थांबलो, तर अख्खा मांडव एका सुरात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

देवाला गाऱ्हाणं घालताना, म्हणजे सगळ्यांसाठी मागणं मागताना, माणूस थांबला की आमच्याकडे ऐकणाऱ्यांच्या तोंडातून हे आपोआप निघतं. "न मे गृहम्." "व्हय म्हाराजा." मी घाईघाईत गाऊ लागलो, तरी सुटका नाही. आमचा ड्रमरही त्यांच्याच ठेक्यावर गेला.

खाली उतरून किती जणांनी बघितलं ते मोबाइलवर पाहत होतो. गावचं गाऱ्हाणं घालणारे तात्या समोर आले.

"गाऱ्हाणा बरा झाला रे. पण देवाकडे मागलंस काय?"

"कायच नाय, तात्या. गाण्याचो अर्थच तो. माका कायच नको."

तात्या माझ्या मोबाइलात डोकावले. "म्हणजे गाव नको, घर नको, फकत लोकांनी तुका बघूक व्हया."

मी फोन खिशात घातला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "व्हय म्हाराजा."