दोरा सरळ होता

शिवप्रिया : आज्जा, शंभूमामाचा मेसेज आलाय. सिंगापूरला उतरला.

गुंडाप्पा : सिंगापूरला? सरळ हैदराबादला येणार व्हता ना?

शिवप्रिया : न्हाय. तिथं विमान बदलायचंय. दुसरं आपल्या घड्याळानं रात्री आठला सुटतंय.

विरुपाक्ष : काका, आत्ताशी दीड वाजलाय. मातीच्या विधीला आलेले स्वामी विचारायलेत, अजून किती वेळ? काल रात्री अकराला नागम्माकाकू गेली. ऊन कसलं पडलंय, बघा की.

गुंडाप्पा : थांब जरा. प्रिया, वही आण.

शिवप्रिया : पण आपण पहाटे पृथ्वीगोलावर दोरा लावून मोजलं व्हतं की! सिडनी ते हैदराबाद नऊ हजार सहाशे किलोमीटर. ताशी नऊशेनं भागलं. पावणेअकरा तास. मामा आपल्या घड्याळानं पहाटे पाचला निघाला, म्हणजे पावणेचारला हैदराबाद, आन पावणेनऊला इथं मुरूमला.

गुंडाप्पा : भागाकार बरोबर हाय बाळा. दोरा सरळ व्हता, वाट सरळ न्हाय. आता परत कर. आठला सुटलं, साडेचार तास लागले.

शिवप्रिया : साडेबारा. मग गाडीनं पाच तास... साडेपाच.

गुंडाप्पा : सामान घेऊन बाहेर पडायला?

शिवप्रिया : एक तास. साडेसहा.

विरुपाक्ष : उद्या सकाळचे? न्हाय जमायचं काका. पहाटे बर्फाची पेटी दारात आली व्हती. तुमी म्हणलात, रात्री आमचं पोरगं येतंय, काकूला आपल्या लिंगायत रिवाजानं मांडी घालून बसवा. म्हणून परत धाडली. आता अंग ताठलंय. बसलेल्या माणसाला आडव्या पेटीत कसं घालायचं?

गुंडाप्पा : तिचे हातपाय मोडायचे न्हाईत.

शिवप्रिया : आज्जा, हिशेब मी केला व्हता. माझ्यामुळं...

गुंडाप्पा : दोरा कुणी धरला व्हता?

शिवप्रिया : तुम्ही.

गुंडाप्पा : मग? छत्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, आन विमान मधी कुठं थांबतं का, एवढं विचारायचं सुचलं न्हाय. चूक मास्तरची हाय. विरुपाक्षा, कुणी विचारलं तर हेच सांगायचं.

विरुपाक्ष : व्हय. पण शंभू मला जन्मभर बोलंल. पहिली मूठ माती माझ्या शंभूची, असं काकू सारखी म्हणायची.

गुंडाप्पा : प्रिया टाकंल पहिली मूठ.

विरुपाक्ष : पोरगी? स्वामी काय म्हणतील?

गुंडाप्पा : मी बोलतो स्वामींशी. तू माणसं बोलव. दिवस मावळायच्या आत व्हायला पाहिजे.

(विरुपाक्ष जातो. बाहेरचं भजन थांबतं.)

शिवप्रिया : आज्जा, मामा विचारायलाय. 'माझ्यासाठी थांबताय ना?' काय लिहू?

गुंडाप्पा : अजून साडेसहा तास विमानतळावरच्या बाकड्यावर एकटाच बसायचाय त्याला.

शिवप्रिया : मग खोटं लिहू?

गुंडाप्पा : खोटं कशाला? लिही, सावकाश ये. घाई करू नको.