वरमायची ओढणी

रेमेदिओस : बघ अम्पारो, बघ! पुलावरनं परत येतायत, हातात हात घालून. आज पाहुणीची शेवटची दुपार, संध्याकाळचं विमान, आणि माझी नात होणाऱ्या सासूला सेविया शहर दाखवत हिंडतेय. पोर वाढवली कुणी, मिरवतंय कोण!

अम्पारो : तुला विचारलं होतं की तिनं. शेजारीण ना मी, जिन्यातनं ऐकलं.

रेमेदिओस : एकदा विचारलं! एकदा विचारणं म्हणजे ‘येऊ नकोस’ म्हणणं. आणि कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढून मी काय बघणार? जन्म गेला त्याच्या घंटा ऐकण्यात.

अम्पारो : मग रुसायचं कशाला?

रेमेदिओस : रुसतंय कोण? उन्हानं डोळे चुरचुरतायत.

(जिन्यात पावलं वाजतात. नात एस्त्रेया आणि जर्मन सासू हाइका आत येतात.)

एस्त्रेया : दमलो गं आजी! मनोरा झाला, मग राजवाड्याची बाग. हाइकाआईंचा तिथनं पायच निघेना.

रेमेदिओस : आई? तुझी आई गेल्यापासून या घरात तू कुणाला अशी हाक मारली नव्हतीस.

एस्त्रेया : आजी, नको ना आता... हे बघ, लग्नासाठी त्यांनी जाळीची ओढणी घेतली.

रेमेदिओस : पांढरी! अगं, नवरी तू का ती? वरमाय वेदीपाशी काळ्या जाळीत उभी राहते, डोक्यावर उंच कंगवा खोचून. आपली आख्खी त्रियाना पेठ हसेल चर्चमध्ये. दुकानदाराला तोंड नव्हतं?

अम्पारो : कॅथेड्रलमागची दुकानं ती. पाहुण्याला खिडकीचा पडदासुद्धा ओढणी म्हणून विकतील.

एस्त्रेया : तू असतीस तर सांगितलं असतंस. म्हणून तर ‘चल’ म्हणत होते.

रेमेदिओस : एकदा!

हाइका : आजी... उभी. मी... मागे, बाकावर. पोर तुमची.

रेमेदिओस : काय म्हणतेय ही?

एस्त्रेया : बागेत मी बोलून गेले, की वेदीपाशी मला तू हवी होतीस. तर त्या म्हणतायत, वरमायच्या जागी आजींनाच उभं राहू दे.

अम्पारो : घे की मग! आठवडाभर त्याच जागेपायी जळतेयस.

रेमेदिओस : तू गप्प बस. दुसऱ्यानं सोडलेलं पान जेवायला मी काय भिकारीण आहे? वरमाय ती वरमाय. एस्त्रेया, जा, कपाटातली माझी काळी ओढणी काढ. तुझ्या बापाच्या लग्नात मी वरमाय होते, तेव्हा घातलेली. कंगवाही आण.

एस्त्रेया : आजी, तिला तर तू कुणाला हात लावू देत नाहीस.

रेमेदिओस : आताही देत नाही. मीच खोचणार. बस म्हणावं तिला इथं, मान ताठ. अशी नाही... हां. केस तरी किती मऊ आहेत मेलीचे!

हाइका : आभार... आजी.

रेमेदिओस : हलू नका. चांगल्या आहात हो विहीणबाई तुम्ही. तेच तर मला सोसत नाही.