नवशीच्या तीन रिकाम्या पेट्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय उमेश सर, व्यासपीठावरचे पाहुणे, तलासरीच्या शाळेचे मुख्याध्यापक विनोद सर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या दक्षाबेन, सूत्रसंचालन करणारी हर्षदा, आणि समोर बसलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनो, मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

सुरुवातीलाच कबूल करतो, हे भाषण लिहायचं मी टाळत होतो. हर्षदानं महिन्यापूर्वी सांगितलं होतं. रोज वही उघडायची, तारीख टाकायची आणि बाहेर पडायचं. एकदा वही घेऊन वाढवणला गेलो. म्हटलं, समुद्रापाशी बसून काही सुचेल. तिथं एक काका जाळं शिवत होते. बंदर झालं तर होड्या कुठं लावायच्या, हे ते सांगत बसले आणि मी ऐकत बसलो. वहीत तारीखच राहिली. शेवटी आज सकाळी एसटीची वाट बघताना हे चार कागद भरले. अडखळलो तर समजून घ्या.

ज्यांना आमच्या गटाचं काम माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. पाड्यांवरच्या शाळांना कुणीतरी जुने कॉम्प्युटर देतं. त्यांच्यावर चालतील अशी मोफत सॉफ्टवेअर शोधून आम्ही त्यांची पॅकेजं बांधतो. पॅकेज म्हणजे पेटी समजा. मी एक मोसम घोलवडला पेट्यांत चिकू भरलेत, म्हणून मला तेच दिसतं. शाळेत पेटी उघडली की सॉफ्टवेअर आपल्या जागी जाऊन बसलं पाहिजे. पेट्या बांधतात आमचे स्वयंसेवक, आणि प्रत्येक पेटी उघडून तपासतात दक्षाबेन. नऊ वर्षं, एकट्या.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा बेननी विचारलं, "शिकलास किती?"

"बारावी. पुढं जमलं नाही."

"मग केलंस काय?"

"रोपांच्या नर्सरीत होतो. मग टेम्पोवर. मग उंबरगावला कारखान्यात चार महिने."

"म्हणजे एका जागी बसायचं तेवढं राहिलंय," बेन म्हणाल्या. "बस."

मी बसलो. आता किती बसलो ते विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी बेन म्हणाल्या, "सगळं माझ्या डोक्यात आहे. उद्या मी नसले तर? पेटी कशी बांधायची त्याचे नियम लिहून काढ. प्रत्येक भाषेचं पान वेगळं." माझ्या आईला वाटलं, मराठी-गुजरातीचं काहीतरी चाललंय. मी म्हटलं, नाही गं, कॉम्प्युटरच्या भाषा. पायथन, पर्ल, रस्ट, गो. ती म्हणाली, "डहाणूत आहेत त्या कमी पडल्या का?"

पायथनचं पान बेननी शेजारी बसून लिहून घेतलं. महिना लागला. एकेक ओळ वाचायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायला लावायच्या. मग म्हणाल्या, "बाकीची तू कर. झाली की मला दाखव."

बाकीची मी एका दुपारी केली. पायथनचं पान उचललं, नाव बदललं, रस्ट झालं. पुन्हा नाव बदललं, गो झालं. बेनना सांगितलं, झालं. दाखवलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला.

आता त्या पानावर एक ओळ आहे. "बांधताना आपोआप तयार झालेल्या फाइली पेटीतून काढून टाका." पायथनमध्ये हे बरोबर आहे. तो पाला असतो, काढला तरी चिकू राहतोच. पण रस्टमध्ये ती तयार झालेली फाइल म्हणजेच सॉफ्टवेअर. तिथं ही ओळ लिहिणं म्हणजे बोंबील काढून घ्या आणि पाटीत नुसता बर्फ पाठवा, असं सांगणं.

आणि नवशीनं ते मनापासून केलं.

नवशी विनोद सरांच्या शाळेत शिकली, आता तिथंच मुलांना कॉम्प्युटर शिकवते. मुलांसाठी भूमितीचं एक सॉफ्टवेअर तिनं शोधलं. ते रस्टमधलं. नियमांचं पान समोर ठेवून पेटी बांधली. त्या दिवशी मला तिचा फोन आला होता. मी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून बोर्डीकडं निघालो होतो, काम काही नव्हतं.

"दादा, ती फाइल काढली तर आत राहतं काय?"

"लिहिलंय तसं कर ना."

"केलंय. म्हणून तर विचारते. एकदा बघाल?"

"बघतो," म्हटलं. बघितलं नाही.

बेनना पेटी मिळाली, उघडली, रिकामी. त्यांनी लिहिलं, "आत काही नाही. नियम वाच." नवशीनं नियम वाचले आणि पुन्हा तशीच बांधली. पुन्हा रिकामी. तिसऱ्या वेळी बेननी लिहिलं, "वाचल्याशिवाय पुढची पाठवू नकोस." त्यानंतर तिनं पाठवलीच नाही.

मागच्या बैठकीत बेननंतर पेट्या कोण तपासणार हा विषय निघाला. यादीत पहिलं नाव नवशीचं होतं. बेननी ते खोडलं. म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे, पण लिहिलेलं वाचत नाही." मी समोर बसून चहात खारी बुडवत होतो. तिचा फोन मला तेव्हाच आठवला. मी दुसरी खारी उचलली. घरी जाऊन पान उघडलं, तर माझीच ओळ. मंडळी, आपल्या अख्ख्या गटात ती पानं शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच होती.

गेले बारा दिवस मी रस्टचं पान नव्यानं लिहितोय. अर्धं झालंय. नवशीला रोज फोन करतो, ती उचलत नाही. खरं सांगू, गावोगाव भटकूनही कधी इतका दमलो नव्हतो.

बेन काहीतरी म्हणाल्या. मागं ऐकू गेलं नसेल, त्या म्हणाल्या, "आज सांगतोस?" हो बेन, आज. संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही नवसारीला जाल, मग मी कधीच सांगितलं नसतं.

उमेश सर, तुमच्यापुढं ते पाकीट आहे, त्यात बेननंतरचं नाव आहे. माझ्या भाषणानंतर ते उघडायचं ठरलंय. माझी विनंती एवढीच, की त्याआधी बेननी त्या तीन पेट्या माझं पान शेजारी ठेवून पुन्हा बघाव्यात. दहा मिनिटं लागतील. नाव कुणाचं ठेवायचं ते मग बेननीच ठरवावं, मी त्यात बोलणार नाही.

बेन, तुम्ही मला बसायला शिकवलंत, त्याबद्दल आभार मानायला मी उभा राहिलो होतो. ते आता यातच आले असं समजा. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आपलाही ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. लिहिण्यात जे झालं ते घालू नका.

हर्षदानं चिठ्ठी पुढं केलीय. मला वाटलं, वेळ संपली. नाही. तिनं लिहिलंय, नवशी आलीय. खाली जिन्यापाशी उभी आहे, वर यायला तयार नाही. गटानं दिलेला लॅपटॉप बेन जायच्या आत परत करायला आलीय म्हणे.

कुणी तिच्या हातून तो घेऊ नका. मी खाली जातो.